वैद्याची चूक आणि वैद्याचें मन

रोगी दगावला म्हणजे घरांत आकांत उठतो. शेजारीपाजारी धांवून येतात, आप्तेष्ट चार दिवस सोबतीला राहतात. परंतु औषधाची चुकलेली मात्रा किंवा वेळेवर न ओळखलेलें लक्षण हें जेव्हां त्या मृत्यूचें कारण असतें, तेव्हां त्याच रात्रीं आणखी एका घरांत एक माणूस जागा असतो. त्याच्या सांत्वनास कोणी जात नाहीं, आणि सांत्वन मागण्याचा अधिकार आपणांस आहे असें त्यालाहि वाटत नाहीं. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या या अवस्थेचा विचार समाजानें फार उशिरां केला. ती अवस्था मात्र जुनीच आहे.

1846 सालीं इग्नाझ सेमेलवाइस हे तरुण हंगेरियन वैद्य व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतिविभागाचे साहाय्यक झाले. तेथें दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. पहिल्या विभागांत सूतिकाज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट होतें. इतकें कीं, आपणांस तेथें घालूं नये म्हणून स्त्रिया गुडघे टेकून विनवीत. सेमेलवाइस मोठे कर्तव्यदक्ष. या मरणाचें कारण सांपडावें म्हणून ते रोज सकाळीं शवविच्छेदन करीत, आणि तेथून उठून प्रसूतिगृहांत स्त्रियांना तपाशीत. 1847 च्या मार्चमध्यें त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेट्श्का शवविच्छेदनाच्या वेळीं बोटाला सुरी लागल्याचें निमित्त होऊन वारले, आणि त्यांच्या शरीरांत सूतिकाज्वरासारखींच चिन्हें आढळलीं. कोडें सुटलें. शवांतील विष वैद्यांच्याच हातांवरून जात होतें! मे महिन्यांत क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम झाला, आणि एप्रिलमध्यें शेंकडा 18 असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा 2 च्या आसपास उतरलें.

ही कथा विजयाची म्हणून सांगितली जाते. परंतु शोध लागला त्याच क्षणीं सेमेलवाइस यांना दुसरेंहि कांहीं कळलें. ज्यानें अधिक निष्ठेनें शवें तपासलीं, त्याच्याच हातून अधिक स्त्रिया गेल्या होत्या. 1861 च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं स्वतःचा हा वांटा झांकला नाहीं. पुढें विरोधकांना त्यांनीं जीं जळजळीत पत्रें लिहिलीं, त्यांच्या मुळाशीं हाच दाह असावा.

हा शोध पत्रद्वारें कील येथील नामांकित प्रसूतिशास्त्रज्ञ गुस्टाव्ह मिखाएलिस यांच्यापर्यंत पोंचला. त्यांनीं तो मानला आणि आपल्या रुग्णालयांत हात धुण्याची पद्धत सुरू केली. परंतु आदल्याच वर्षीं त्यांच्या नात्यांतील एक स्त्री, त्यांनीं तपासल्यानंतर, सूतिकाज्वरानें वारली होती. तिच्या मृत्यूचें कारण आतां त्यांना कळलें. खिन्नतेनें त्यांना ग्रासलें, आणि 1848 च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं स्वतःचा प्राण घेतला. वास्तविक ही चूक नव्हे, त्या काळाचें अज्ञान. पण मन असा भेद करीत नाहीं. ज्यांनीं हा शोध धुडकावून लावला, ते कदाचित् स्वस्थ झोंपले असतील.

आजच्या रुग्णालयांत अज्ञान कमी आणि घाई अधिक. अमेरिकेंतील डॉक्टर आल्बर्ट वू यांनीं 2000 सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आपल्या उमेदवारीच्या काळांतील एक प्रसंग लिहिला. एका सहकाऱ्यानें हृदयाच्या आलेखांतील महत्त्वाची खूण ओळखली नाहीं, आणि रोग्याला रात्रीं धांवपळ करून शस्त्रक्रियेस न्यावें लागलें. बातमी पसरली, बरोबरीच्या मंडळींनीं त्याला नालायक ठरवून टाकलें. तीच चूक आपल्याहि हातून झाली असती, हें कोणी उच्चारलें नाहीं. अशा डॉक्टरला वू यांनीं ‘दुसरा बळी’ म्हटलें. असा माणूस तोच प्रसंग मनांत पुनःपुन्हां उगाळतो. साधी सुई टोंचतांना त्याचा हात अडखळतो. कोणी धंदाच सोडतो.

या नांवाला 2019 सालीं त्याच नियतकालिकांत आक्षेप घेतला गेला, आणि तो वैद्यकीय चुकींमुळें आप्त गमावलेल्यांचा होता. ‘बळी’ म्हटलें कीं जबाबदारी कोणाचीच उरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें रास्त आहे. दुःख खरें असलें म्हणून हिशेब चुकत नाहीं. गंमत अशी कीं, रोग्याच्या घरच्यांना बहुधा घडलें तें खरें ऐकावयाचें असतें, आणि पुष्कळदां डॉक्टरलाहि तें सांगावयाचें असतें. मध्यें कायद्याची भीति उभी राहते. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानानें 1986 सालीं, अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूति न्यायालयांत ती व्यक्त करणाऱ्याविरुद्ध पुरावा धरूं नये, असा कायदा केला. पुढें इतर अनेक संस्थानांनीं तो गिरवला. मात्र बहुतेक ठिकाणीं ‘वाईट वाटतें’ एवढेंच म्हणण्यास अभय आहे. ‘माझ्याकडून चुकलें’ म्हणण्यास नाहीं.

मिसूरी विद्यापीठाच्या रुग्णालयांनीं 2007 सालीं निराळा मार्ग धरला. तेथें कांहीं डॉक्टर व परिचारिका यांना मुद्दाम शिकवून तयार केलें. चूक घडली कीं त्यांच्यांतील एक जण त्या सहकाऱ्याजवळ जाऊन बसतो आणि तो जें बोलेल तें ऐकून घेतो. दोष कोणाचा, हें ठरविणें त्याचें काम नव्हे; तें काम चौकशी करणारांचें.