दुबईला निघालात? बॅगेतली खसखस आधी काढा

नवी मुंबई : वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये खसखस उघड विकली जाते. आपल्याकडे अनारशाला अन् मसाल्याला ती लागतेच. पण दुबई, अबुधाबी ज्या यूएई देशात येतात, तिथं हीच खसखस नेणं गुन्हा आहे. कारण ती अफूच्या झाडाचं बी. भारतीय कायद्यानं या बियांना सूट दिलीय, तिथल्या कायद्यानं नाही. ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही; थेट तुरुंगात जावं लागू शकतं.

म्हणून आईनं दिलेला घरचा मसाला, लाडूचा डबा निघण्याआधी नीट बघा. दुसऱ्याचं पार्सल न उघडता घेऊ नका. तिथं गेल्यावर व्हॉट्सअॅपवर शिवी देणं, परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं, यावरूनही केस होते.