‘हे ज्यूड’ शोधायचं कुठे? बीटल्सच्या ‘पास्ट मास्टर्स’ची गोष्ट

‘हे ज्यूड’ हे बीटल्सच्या कोणत्या स्टुडिओ अल्बममधलं गाणं आहे? पट्टीचे चाहतेही इथे अडखळतात. उत्तर आहे, कोणत्याच नाही!

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी, धडाक्यात खपायची. तेच गाणं पुन्हा अल्बममध्ये घातलं तर चाहत्यांच्या खिशाला दोनदा चाट. म्हणून बीटल्स आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन बरीच सिंगल्स अल्बमबाहेर ठेवत. ‘हे ज्यूड’ १९६८ च्या ऑगस्टमध्ये आलं. नोव्हेंबरमध्ये तब्बल ३० गाण्यांचा दुहेरी अल्बम आला, त्यातही ते नाही!

घोळ झाला १९८७ मध्ये. बीटल्सचे अल्बम सीडीवर आले आणि लक्षात आलं, सगळा संच विकत घेतला तरी ‘शी लव्ह्ज यू’ मिळत नाही. या बेघर गाण्यांसाठी मार्च १९८८ मध्ये ‘पास्ट मास्टर्स’चे दोन भाग निघाले. एकूण ३३ गाणी. त्यात दोन गाणी चक्क जर्मन भाषेत आहेत. ‘लव्ह मी डू’ही आहे, पण वेगळं: अल्बममध्ये ड्रम्स भाड्याने आणलेल्या वादकाचे, इथे खुद्द रिंगो स्टारचे.

अल्बम म्हणून हा प्रकार थोडा विस्कळीतच आहे. पण १९६२ ते १९७० मध्ये चार पोरं कुठून कुठे पोहोचली, ते इथे सलग ऐकू येतं.

आणि आपल्यासाठी खास गोष्ट दुसऱ्या भागात दडली आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. तिथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आणखी एका गाण्याचं संगीत रेकॉर्ड केलं. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सरोदवर आशिष खान! शब्द नंतर लंडनमध्ये गायले गेले. हे ‘द इनर लाइट’. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं, तेव्हा जॉर्ज हृषिकेशला होता. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हे त्याचं पहिलं गाणं, पण मागच्या बाजूला असल्यामुळे फारसं कुणी ऐकलं नाही.

‘पास्ट मास्टर्स’मध्ये मात्र ते अगदी मोक्याच्या जागी आहे. ते संपलं की लगेच ‘हे ज्यूड’ सुरू होतं.