वकिलासाठी गटातून कर्ज काढण्याआधी हे वाचा

मैत्रिणींनो, अंतर्गत कर्जाच्या अर्जावर कारण म्हणून आपण 'घरखर्च' लिहितो, 'आजारपण' लिहितो. 'कोर्ट' असं कुणी लिहित नाही. पण बैठकीत बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं की अमक्या ताईने पैसे कशाला उचललेत. कुणाचं बांधावरून भांडण झालेलं असतं, कुणाचा मुलगा गाडीसकट पकडलेला असतो, तर कुणावर कामाच्या घरी चोरीचा आळ आलेला असतो. वकिलाची फी, मधल्या माणसाचे पैसे, जाण्यायेण्याचं भाडं असं करत कर्ज वाढतं आणि हप्ता आपल्या माथी बसतो.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. बाईला वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये 'स्त्री' असं सरळ लिहिलेलं आहे. तिला उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या पुरुषांनाही ही अट नाही, म्हणजे शहापूर-मुरबाडकडच्या ठाकूर, वारली, कातकरी घरातल्या माणसांनाही हा हक्क आहे. आणि जो कोठडीत आहे त्याला, मग तो कुणीही असो.

आता एक उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या कितीतरी जणी आसनगाव, वासिंद, टिटवाळ्याहून सकाळची लोकल धरून कल्याण-डोंबिवलीला घरकामाला जातात. समजा, एका घरात सोन्याची चेन सापडत नाही. घरमालकीण म्हणते, "तूच आली होतीस सकाळी." सोसायटीच्या ऑफिसात बसवतात आणि कागद पुढे करतात, "चूक झाली, पैसे भरते, असं लिहून दे, मग आम्ही पोलिसात जात नाही." घाबरलेली बाई सही करते, नाहीतर अंगठा उठवते. इथेच खरा घात होतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरला जात नाही. त्या जबाबावरून वस्तू सापडली, तर तेवढाच भाग धरतात. पण मालकाच्या घरी लिहून दिलेला कागद वेगळा. तो तुमच्याविरुद्ध कोर्टात येऊ शकतो. तेव्हा "मी काही घेतलेलं नाही, तुम्हाला तक्रार करायची तर करा" असं म्हणा आणि सही न करता बाहेर पडा. पर्स किंवा अंगझडतीही मालकाने घ्यायची नसते. तो अधिकार पोलिसांचा, आणि बाईच्या अंगाची झडती फक्त बाईनेच घ्यायची.

पुढे पोलीस ठाण्यातून फोन येतो, "साहेबांनी बोलावलंय." पहिला प्रश्न विचारा, कशासाठी? साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून? साक्षीदार म्हणून हवी असेल, तर बाईला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या राहत्या जागी येऊन विचारायचं असतं. साठीच्या पुढच्या माणसांनाही तेच लागू आहे. आपणहून जायचं तर जाता येतं, पण ते आपल्या मर्जीने. आणि जबाब घेतला तर त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हे पुष्कळांना माहीत नसतं. कोऱ्या कागदावर तर कधीच सही नाही.

आरोपी म्हणून बोलावलं असेल, तर लेखी नोटीस मागा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३५ मध्ये या नोटिशीचा नियम आहे. जुन्या कायद्यात हेच कलम ४१-अ होतं, आणि २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही. नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीलाही जास्तीत जास्त सात वर्षंच शिक्षा आहे, म्हणजे आपल्या उदाहरणातली ताई याच नियमात बसते. नोटीस मिळाली की मात्र दिलेल्या तारखेला जायचंच. टाळाटाळ केली तर तेच अटकेचं कारण होतं. जाताना एकटी जाऊ नका, गटातल्या एकीला बरोबर घ्या.

अटक झालीच तर? सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकारी हवी, आणि तिने आधी न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घेतलेली हवी. अटक का केली ते सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, अटकेच्या कागदावर घरच्या किंवा गावातल्या माणसाची साक्ष हवी. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं. "अटक नाही हो, नुसतं चौकशीला बसवलंय" असं म्हणून रात्रभर ठेवता येत नाही. तसं होत असेल तर घरच्यांनी ११२ ला फोन करावा आणि १५१०० ला करावा. १५१०० हा विधी सेवेचा देशभराचा टोल फ्री नंबर आहे. तो फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

हे सगळं आपोआप मिळालेलं नाही. १९८२ साली शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा कैदी बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन पाहायला सांगितलं. त्या चौकशीत एका वकिलानेच दोन परदेशी कैद्यांचं सामान आणि दागिने लाटल्याचंही पुढे आलं. १५ फेब्रुवारी १९८३ ला न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. बायकांसाठी वेगळी कोठडी, चौकशी महिला पोलिसांच्या समोरच, आणि कुणालाही अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवायचं. आपल्या शेजारच्या मुंबईतल्या बायका बोलल्या म्हणून हा नियम देशाला लागू झाला.

आता वकील मिळवायचा कसा? ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण यांपैकी जे कोर्ट जवळ तिथे जा. आधारकार्ड घ्या आणि केसचे असतील ते कागद घ्या, मग ती एफआयआरची प्रत असो, नोटीस असो की समन्स. अर्जाचा नमुना तिथे मिळतो, साध्या कागदावरही चालतो, लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक लिहून देतात. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हे सगळं प्राधिकरणाकडून. वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा, सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात. वकील नीट लक्ष देत नसेल तर बदलूनही मागता येतो.

एक शब्द मात्र सांभाळून वापरा. कोर्टात जाऊन "मला सरकारी वकील द्या" म्हणू नका. सरकारी वकील म्हणजे पोलिसांच्या बाजूने केस चालवणारा, तुमच्याविरुद्ध बोलणारा. "मला वकील नाही, विधी सेवेचा वकील द्या" असं म्हणा. अटकेनंतर पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे उभं केलं, तेव्हाच हे वाक्य मोठ्याने बोला.

फुकटचा वकील चांगला नसतो, असं आपल्यात बोललं जातं. काही जण खरंच ढिले असतात, नाकारत नाही. पण पैसे घेणारेही सगळे चोख असतात असं कुठे आहे? दोन्हीकडे आपल्यालाच पाठपुरावा करावा लागतो. केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर विचारून वहीत लिहा. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते, घरातली शाळकरी मुलगीही बघून सांगेल. तारीख चुकली तर वॉरंट निघतं. आजारी असाल, तर वकिलाला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तो गैरहजेरी माफीचा अर्ज देईल.

भांडणाची एनसी झाली, तर फार घाबरू नका. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास किंवा वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. पण त्यानंतर ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो ती येऊ शकते. गावाकडे ती बहुधा तहसीलदारांपुढे चालते आणि शांतता राखण्याचा बॉण्ड घेतात. तिथेही विधी सेवेचा वकील मागता येतो.

गाडीचं म्हणाल, तर आपल्याकडे स्कूटी बाईच्या नावावर असते आणि पळवतो सोळा वर्षांचा मुलगा. कल्याणच्या एमएच ०५ च्या कितीतरी गाड्या अशाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे कोर्टात आई उभी राहते. विमा संपलेल्या गाडीने अपघात झाला, तर नुकसानभरपाईसुद्धा मालकाच्याच खिशातून जाते. साधी साठलेली चलानं मात्र लोकअदालतीत मिटवता येतात, तिथे कोर्ट फी नाही. चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाईल आली तर ती उघडू नका, ती पैसे पळवणारी फाईल असते. व्हिडिओ कॉलवर कुणी वर्दीतला माणूस "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणाला, तरी फोन कापा. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

गटाच्या हिशोबाची, पोषण आहाराची किंवा रेशन दुकानाची चौकशी लागली, तर सगळं सचिव ताईच्या गळ्यात टाकून बाकीच्यांनी अंग काढायचं नाही. नोटीस कुणाच्या सहीची आहे, जावक क्रमांक काय, आरोप नेमका कोणता, हे बैठकीत मोठ्याने वाचा. तक्रारीची नक्कल लेखी मागा. उत्तर लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मूळ रजिस्टर मागितलं, तर आधी पानापानाचे फोटो काढा, आणि किती रजिस्टरं नेली त्याच्या यादीवर अधिकाऱ्याची सही घेतल्याशिवाय देऊ नका. कोर्टात केस नसली तरी कायद्याचा सल्ला हा विधी सेवेचाच भाग आहे, उत्तर देण्याआधी दाखवून घ्या.

शेवटी जामीनदाराचं. कोर्टाबाहेर 'जामीन मिळवून देतो' म्हणणारे उभे असतात. त्यांचे कागद खोटे निघाले, तर नवा गुन्हा आपल्यावर. आणि गावातल्या कुणासाठी तुम्हाला स्वतःला जामीन राहायला सांगितलं, सातबारा मागितला, तर आधी घरी बोला. तो माणूस तारखेला आला नाही, तर बॉण्डची रक्कम तुमच्याकडून वसूल होते.