निविदेवर तिसरी सही

रस्ता खोदायच्या आधी फलक लागतो. कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, अंदाजपत्रकी रक्कम, मुदत, दोषदायित्व कालावधी, कधीकधी अभियंत्याचा मोबाइल नंबरसुद्धा. भर उन्हात सावली काय ती त्या फलकाचीच. तिथे पाण्याचा कॅन असतो, जेवणाचे डबे असतात आणि साडीच्या झोळीत एखादं मूल झोपलेलं असतं. त्याची आई पलीकडे खडीची घमेली उचलत असते. तिला दिवसाचे किती मिळतात, ते मात्र फलकावर नसतं.

सार्वजनिक कामांच्या निविदा वाचण्याची मला खोड आहे. कादंबरीसारख्या त्या वाचता येत नाहीत, पण सवयीने चव लागते. डांबराचं तापमान किती असावं, मुरूम किती थरांत दाबावा, सळई कोणत्या प्रतीची हवी, याची पानंच्या पानं. मग कुठेतरी मजुरांविषयीच्या अटी येतात: किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, विमा, पिण्याचं पाणी, पाळणाघर. सगळं सुरेख लिहिलेलं, आणि बहुधा मागच्या निविदेतून जसंच्या तसं उचललेलं. काम कोणाला मिळणार हे ठरतं ते एका आकड्यावर, अंदाजपत्रकाच्या किती टक्के ‘बिलो’. कोणी बारा टक्के बिलो भरतो, कोणी पंचवीस. सिमेंट आणि सळई सगळ्यांना थोड्याफार फरकाने त्याच भावात मिळते. डांबर तर मोजक्याच कंपन्यांकडून येतं. मग हे पंचवीस टक्के निघतात कुठून? थोडे दरसूचीतल्या फुगवट्यातून, थोडे कामाच्या दर्जातून. उरलेले हजेरीपटातून.

त्या दोनशे पानांच्या करारावर दोघांच्या सह्या असतात, काम देणाऱ्याची आणि काम घेणाऱ्याची. काम करणाऱ्याबद्दल त्यात बरंच लिहिलेलं असतं, पण तो स्वतः त्यात कुठेच नसतो. जगात काही ठिकाणी स्थानिक संस्थांनी हा तिसरा माणूस करारात आणला. त्याची गोष्ट सरळ नाही, आणि सर्वस्वी गोडही नाही.

सुरुवात लंडनच्या शाळांपासून होते. १८८९च्या जानेवारीत लंडनच्या स्कूल बोर्डाने ठरवलं की बोर्डाचं काम घेणाऱ्या कंत्राटदाराने त्या-त्या धंद्यातली रूढ मजुरी दिलीच पाहिजे. बोर्डावर नुकत्याच निवडून आलेल्या आणि या अटीसाठी भांडणाऱ्या सदस्यांत एक नाव होतं ॲनी बेझंट. आपण त्यांना होमरूलमुळे आणि थिऑसॉफीमुळे ओळखतो; टेंडरच्या अटींत मजुरी घालायला लावणाऱ्या बेझंटबाई आपल्याकडे फारशा कोणाला ठाऊक नाहीत. लंडन काउंटी कौन्सिलने त्याच वर्षी तोच रस्ता धरला आणि १८९१मध्ये ब्रिटिश संसदेने न्याय्य मजुरीचा ठराव केला. हा कायदा नव्हता, ठरावच होता. सरकार इथे राज्यकर्ता म्हणून बोलत नव्हतं, गिऱ्हाईक म्हणून बोलत होतं. माझे पैसे, माझं काम, माझ्या अटी. पटत नसेल त्याने टेंडर भरू नये.

गिऱ्हाईकाला एवढा अधिकार असतो का, हा वाद अमेरिकेत एका विटांच्या रस्त्यावरून झाला. कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीत क्विंडारो बुलेव्हार्डवर विटांची फरशी घालण्याचं काम ॲटकिन नावाच्या कंत्राटदाराकडे होतं. राज्याच्या १८९१च्या कायद्यानुसार सार्वजनिक कामावर आठ तासांहून जास्त राबवायला मनाई होती. त्याने एका मजुराला दहा तास राबवलं, दीड डॉलर रोजावर. खटला झाला, दंड झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०३मध्ये न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा: आपल्या कामावर कोणत्या अटी असाव्यात हे ठरवणं राज्याचा आणि त्याच्या नगरपालिकांचा प्रश्न आहे, सार्वजनिक काम स्वतःच्या अटींवर मिळण्याचा हक्क कोणत्याही कंत्राटदाराला नाही. मालक आणि मजुराच्या कराराला जवळजवळ देवत्व देणारा तो काळ होता. त्यात एवढी वाट मोकळी झाली, हे थोडं नव्हे.

या वाटेवर काटेही होते. १९३१चा डेव्हिस-बेकन कायदा केंद्र सरकारच्या कामांवर स्थानिक रूढ मजुरी सक्तीची करतो. तो आणणारे बेकन हे लाँग आयलंडचे खासदार. त्यांना निमित्त मिळालं ते तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाचं; अलाबामाच्या कंत्राटदाराने त्या कामावर दक्षिणेतून स्वस्त कृष्णवर्णीय मजूर आणले होते. मजुरी राखायची ती नेमकी कोणाची, आणि कोणाला बाहेर ठेवून, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाच्या पाठीशी लागला आहे.

मजुरीची अट घालणं वेगळं आणि मजुराशी करार करणं वेगळं. करार आला तो धरणांबरोबर. १९३०च्या दशकाअखेरीस ग्रँड कूलीसारख्या महाकाय कामांवर काम सुरू होण्याआधीच सगळ्या कामगार संघटनांशी एकच करार करायची पद्धत पडली. ती स्थानिक संस्थांपर्यंत ठसठशीतपणे पोचली बॉस्टनमध्ये. तिथलं बंदर सांडपाण्याने सडलं होतं आणि ते साफ करा असा न्यायालयाचा आदेश होता. काम दहा वर्षांचं, अंदाज ६.१ अब्ज डॉलरचा. पाणी आणि मलनिस्सारण प्राधिकरणाच्या वतीने व्यवस्थापक कंपनीने बांधकाम संघटनांच्या परिषदेशी करार केला: दहा वर्षं संप नाही, तंट्यांचा निवाडा ठरल्या पद्धतीने, माणसं मुख्यतः युनियनच्या नोंदवहीतून घ्यायची, आणि कामावर लागलेल्याने सात दिवसांत युनियनचं सदस्य व्हायचं. प्राधिकरणाने हा करार निविदेलाच जोडला. युनियन नसलेल्या ठेकेदारालाही काम भरता येईल, पण ते या अटींवर.

ठेकेदारांची संघटना न्यायालयात गेली. ८ मार्च १९९३ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तर्क क्विंडारोच्या रस्त्याच्याच जातकुळीचा: खासगी मालकाला स्वतःच्या इमारतीसाठी असा करार करता येतो, मग सार्वजनिक संस्था मालक म्हणून बाजारात उतरल्यावर तिला का करता येऊ नये? दहा वर्षं काम बंद पडणार नाही, ही हमी प्राधिकरणाने विकत घेतली. बदल्यात दिली ती करारावरची तिसरी जागा.

या निकालानंतर शहरा-शहरांत असे करार झाले आणि त्याविरुद्ध तेवढ्याच जोमाने उठावही. सगळ्यात रंगलेला फड कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोचा. जून २०१२मध्ये तिथल्या मतदारांनी पालिकेला असे करार सक्तीचे करायला बंदी घातली. ‘न्याय्य आणि खुली स्पर्धा’ हे त्या प्रस्तावाचं नाव. राज्य सरकारने दुसऱ्या टोकाने दोर ओढला: जी शहरं असे करार करण्यावर बंदी घालतील त्यांच्या बांधकामांना राज्याचा पैसा नाही. दहा वर्षं हा दोर ताणलेला राहिला, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये त्याच शहराच्या मतदारांनी ती बंदी उठवली. मजुरीच्या धोरणावर सार्वमत घेणारं शहर, ही कल्पनाच मला पुन्हापुन्हा थबकवते. आपल्याकडे प्रभागाच्या निवडणुकीत गटारापासून गणेशमंडपापर्यंत सगळं निघतं, पण गटार खणणाऱ्याचा रोज कधी निघाल्याचं मला आठवत नाही.

विरोधकांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. लॉस एंजेलिसने २०१६मध्ये बेघरांच्या घरांसाठी १.२ अब्ज डॉलरचे रोखे मतदारांकडून मंजूर करून घेतले. ६५ किंवा त्याहून जास्त घरांचा प्रकल्प असेल तर कामगार करार सक्तीचा. रँड संस्थेने २०२१मध्ये हिशोब मांडला तेव्हा दिसलं की कराराखालच्या प्रकल्पांचा बांधकाम खर्च १४.५ टक्क्यांनी वाढला होता. आणखी एक दिसलं: ६५च्या जरा खालीच प्रकल्पांची गर्दी झाली होती. सत्तर घरं मावतील अशा जागेवर चौसष्टच बांधायची, म्हणजे करार नको. मजुराचं भलं करणाऱ्या अटीने फुटपाथवरच्या माणसाचं घर हुकवलं, असं म्हणता येतं. त्या १४.५ टक्क्यांतला काही भाग कोणाच्या तरी घरी पगार म्हणून गेला, असंही म्हणता येतं. मला दोन्ही खरं वाटतं. कराराच्या बाजूने झुकताना ही चौसष्ट घरं नजरेआड करणारा माणूस मला विश्वासाचा वाटत नाही.

आता आपल्याकडे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखातं सांभाळत होते आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग त्याच खात्याखाली येत होता. कामगारांचा कैवारी आणि देशातलं एक मोठं बांधकाम-गिऱ्हाईक, अशी जोडी एकाच टेबलावर होती. ती नंतर फुटली. मजूर एका खात्यात, बांधकाम दुसऱ्यात. आणि निविदेतल्या मजूरविषयक अटी तिसऱ्याच कोणाच्या तरी जबाबदारीच्या.

हे फुटणं किती महागात पडतं ते दिल्लीत १९८२मध्ये दिसलं. नोव्हेंबरातल्या आशियाई खेळांसाठी उड्डाणपूल, स्टेडियम, क्रीडाग्राम एकाच वेळी उभे राहत होते. कामं देणाऱ्यांत दिल्ली विकास प्राधिकरण होतं. मजूर ओडिशा, राजस्थान, उत्तर प्रदेशातून जमादारांनी आणलेले. तीन समाजशास्त्रज्ञांनी साइटवर जाऊन पाहिलं, आणि त्यांच्या अहवालावरून ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका ठरलं. किमान रोज ९ रुपये २५ पैसे होता. ठेकेदार तेवढेच पैसे जमादाराच्या हाती ठेवायचे; जमादार त्यातून रुपया ‘कमिशन’ म्हणून कापायचा आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडायचे. बायकांना सातच रुपये.

सरकारचा बचाव ऐकून कोणत्याही साइट इंजिनिअरला ओळखीचं वाटेल: हे मजूर आमचे नव्हेत, ठेकेदाराचे. १८ सप्टेंबरच्या निकालाने तो फेटाळला. काम देणारी संस्था मुख्य मालक आहे, कायद्याची जबाबदारी तिला ठेकेदाराच्या गळ्यात अडकवून सुटता येत नाही. पुढे जाऊन न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम म्हणजे वेठबिगारी, संविधानाच्या २३व्या कलमाला छेद देणारी. भूक माणसाला कामाला जुंपते तेव्हा तीही सक्तीच.

निकाल थोर आहे. पण त्यानेही मजुराला करारातली जागा दिली नाही. हक्क दिला, आणि तो मागायला कोर्टाची पायरी. खेळ डिसेंबरात संपले, मजूर पांगले. पुढच्या साइटवर पुढचा जमादार.

ज्यांना हे उमगलं होतं त्यांनी त्याच दशकात वेगळं काही मागितलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पुढाकाराने बांधकाम मजुरांच्या केंद्रीय कायद्यासाठी राष्ट्रीय मोहीम समिती उभी राहिली. त्यांच्यापुढे जे नमुने होते त्यातला एक आपल्या महाराष्ट्राचा होता: १९६९चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी लढून मिळवलेली ही व्यवस्था आजही कोणाला नीट समजावून सांगावी लागते. मालक, कामगार आणि सरकार यांचं त्रिपक्षीय मंडळ. मालकाची नोंद मंडळाकडे, टोळीची नोंद मंडळाकडे. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरणार आणि मंडळ ती हमालाला देणार. मध्ये मुकादमाला हात घालायला जागाच ठेवलेली नाही. बॉस्टनच्या युनियन-नोंदवहीचं काम इथे मंडळ करतं. या व्यवस्थेतही पुढे दादागिरी शिरली, बोगस टोळ्या शिरल्या, व्यापारी वैतागले. ते सगळं मान्य. तरी हमालाला मोजणारं आणि त्याच्या वतीने बसणारं कोणीतरी खुर्चीत होतं.

बांधकाम मजुरांना १९९६मध्ये कायदा मिळाला, पण त्यातून नेमका हा गाभा गळाला. मिळाला उपकर. बांधकाम खर्चाचा एक टक्का कल्याणकारी मंडळाकडे. सरकारी कामावर तो ठेकेदाराच्या देयकातूनच कापला जातो. मंडळ नोंदणी करतं, शिष्यवृत्ती देतं, पेट्या वाटतं. मजुरीबद्दल बोलत नाही, कामावर माणूस पाठवत नाही. पैसे मात्र साचत गेले. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकडे मांडले: देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा, त्यातले सुमारे ९,५०० कोटी खर्च. त्याआधीच्या सुनावणीत याच निधीतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचं समोर आलं तेव्हा खंडपीठाने कपाळाला हात लावला. माती वाहणाऱ्या बाईला वॉशिंग मशीन, ही कल्पना कोणत्या टेबलावर सुचली असेल, याचा मी बराच विचार केला आहे.

पालिकेने उद्या तिसऱ्या सहीची जागा ठेवली तर सही करणार कोण? हा आक्षेप खराच आहे. सेंट्रिंगवाले एका जिल्ह्यातले, फिटर दुसऱ्या राज्यातले, बिगारी नाक्यावरून उचललेले. सगळे मुकादमाच्या उचलीत बांधलेले, दर आठवड्याच्या खर्चीवर जगणारे, स्लॅब पडला की निघून जाणारे. युनियन बांधायला लागणारा वेळ त्यांच्याकडे नाही. पण माथाडींकडेही तो नव्हता. तिथे युनियन आणि मंडळ एकमेकांच्या आधाराने वाढले. आणि सार्वजनिक काम तरी लहान थोडंच आहे: मलनिस्सारणाचं जाळं, मेट्रो, पूल ही वर्षानुवर्षं चालणारी कामं आहेत. बॉस्टनचं बंदरही गटाराचंच काम होतं.

सध्या वारा उलट दिशेचा आहे. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक जुनाट वाटणारं कलम होतं. ठेकेदार मजुरी वाटत असताना मुख्य मालकाचा, म्हणजे पालिकेचा किंवा खात्याचा, प्रतिनिधी तिथे हजर हवा. आणि पैसे माझ्या समक्ष दिले, असा दाखला त्याने वेतन नोंदवहीवर लिहून द्यायचा. बहुतेक साइटवर हा दाखला ऑफिसात बसूनच लिहिला जात असणार. तरी दाखल्याखाली नाव कोणाचं तरी होतं. उद्या प्रकरण निघालं तर विचारायला माणूस होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आता ठेकेदाराने मजुरी बँकेतून द्यायची आणि मुख्य मालकाला तसं इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवायचं. आणि कंत्राटी कामगारांची ही तरतूद लागू होणार ती ५० किंवा जास्त माणसं लावणाऱ्या ठेकेदाराला; आधी केंद्राची मर्यादा २० होती, महाराष्ट्राने ती आपल्यापुरती काही वर्षं आधीच ५०वर नेली होती. लॉस एंजेलिसमधल्या बिल्डरांना चौसष्ट घरांचं गणित जमलं. एकाच रस्त्याच्या कामावर दोन नावांचे दोन ठेकेदार, एकोणपन्नास-एकोणपन्नास माणसं, हे आपल्याकडच्या कोणाही उपकंत्राटदाराला पाटी-पेन्सिल न घेता जमेल.