‘18 वर लाव, लवकर गार होईल’

जेवणाच्या सुट्टीनंतर हे वाक्य जवळपास प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. कोणीतरी उन्हातून घामाघूम होऊन येतं, रिमोट उचलतं आणि आकडा खाली नेत नेत 18 वर, कधी थेट 16 वर आणून ठेवतं. तासाभराने एसीच्या झोतात बसलेल्यांच्या अंगावर शाली आणि स्वेटर चढतात. पर्यावरण दिनाला रोपं वाटणाऱ्या आणि प्रत्येक मेलखाली ‘प्रिंट काढण्यापूर्वी विचार करा’ असं लिहिणाऱ्या कंपन्यांतही हेच चालतं. आपल्या हवामानात ऑफिसच्या वीजबिलातला सर्वांत मोठा वाटा बहुतेक ठिकाणी एसीचा असतो. म्हणून या एका समजुतीचा आधी नीट निकाल लावू.

रिमोटवरचा आकडा हवा किती गार सोडायची हे ठरवत नाही. थांबायचं कुठे, एवढंच तो सांगतो. एकाच वेगाने चालणाऱ्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर चालू असतो, नाही तर बंद. चालू असताना तो 18 साठी जेवढा जोर लावतो तेवढाच 24 साठी लावतो. त्यामुळे 34 अंशांची खोली 26 वर यायला दोन्ही वेळा सारखाच वेळ लागतो. दादरला उतरायचं असताना ठाण्याचं तिकीट काढलं म्हणून लोकल जोरात धावत नाही.

‘आमचा इन्व्हर्टर आहे, त्याचं वेगळं असतं,’ हे उत्तर यावर हमखास येतं. थोडं वेगळं असतं, हे खरं. इन्व्हर्टर एसी खोलीचं तापमान आणि आपण लावलेला आकडा यांतल्या फरकाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. पण खोली 34 वर असताना 24 लावलं तरी फरक 10 अंशांचा असतो आणि तेवढ्याने तो पूर्ण जोरात चालतोच. 18 लावून काही मिळालंच तर शेवटच्या एक-दोन अंशांत. उलट, इन्व्हर्टरची सगळी बचत वेग मंदावण्यात असते. 18 लावलं की त्याला मंदावायची संधीच मिळत नाही, म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा मुख्य गुणच आपण मारून टाकतो.

सेंट्रल एसीच्या इमारतीत तर ही समजूत आणखी निरर्थक ठरते. तिथे चिलरमधून साधारण 7 अंशांचं पाणी फिरत असतं आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट आपल्या भागाला त्यातला किती गारवा द्यायचा एवढंच ठरवतो. आपण बटण दाबल्याने ते पाणी अधिक थंड होत नाही. पश्चिमेकडे काचेची भिंत, दाटीने बसलेली माणसं आणि सुरू असलेले संगणक अशा मजल्यावर 18 अंश बऱ्याचदा गाठलेच जात नाहीत. यंत्रणा संध्याकाळपर्यंत विसावा न घेता चालत राहते.

याचा हिशेब सरकारी यंत्रणेनेच मांडलेला आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, 2018 मध्ये सांगितलं की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 20 ऐवजी 24 ठेवलं तर सुमारे 24 टक्के. ऑफिसं आणि हॉटेलं 18 ते 21 अंशांवर ठेवली जातात आणि त्यामुळे माणसांना गरम कपडे घालावे लागतात, ही तक्रारही तेव्हाच नोंदवली गेली होती. पुढे 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या रूम एसीत 24 अंश हे मूळ सेटिंग बंधनकारक झालं. एसी सुरू करताच दिसणारा तो 24 चा आकडा विचार करून ठरवलेला आहे. आपण रोज तो मुद्दाम मोडतो.

साधं गणित करू. एखाद्या मध्यम ऑफिसात 10 एसी आहेत, प्रत्येक एसी तासाला सरासरी एक युनिट घेतो, रोज 9 तास, महिन्याला 25 दिवस, असं धरू. झाली 2,250 युनिटं. त्यातली 24 टक्के म्हणजे 540 युनिटं. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा आकडा. म्हणजे महिन्याला जवळपास 380 किलो, तेही फक्त चार अंशांनी! एक किलो कागदामागे ढोबळ एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला आणि 500 कागदांचं ए-फोर रिम सव्वादोन किलोंहून थोडं जड असतं हे लक्षात घेतलं, तर ही बचत 160 रिमांच्या बरोबरीची होते. प्रिंट कमी काढा, जरूर काढा. पण पाठपोट छपाईवर परिपत्रक निघतं आणि एसीवर निघत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

‘24 वर उकडतं’ ही पुढची तक्रार. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने वेगवेगळ्या हवामानांच्या पाच भारतीय शहरांत, ऑफिसच्या इमारतींत बसणाऱ्या माणसांनाच विचारून अभ्यास झाला. आपल्याकडची ऑफिसं वर्षभर 22.5 अंशांच्या आसपास ठेवायची रीत आहे, पण भारतीय माणूस त्याहून बऱ्याच वरच्या तापमानात आणि ऋतूप्रमाणे बदलत्या तापमानात आरामात असतो, असं त्यातून दिसलं. त्यावरून तयार झालेलं सूत्र 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत घेतलेलं आहे.

मुळात ऑफिसात किती गारवा हवा याचे जागतिक निकष 1960 च्या दशकातल्या प्रयोगांवरून आले. 2015 मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनाने दाखवलं की या निकषांतली शरीरातल्या उष्णतेची बेरीज सरासरी पुरुषावर बेतलेली आहे आणि स्त्रियांच्या बाबतीत ती बरीच जास्त धरली जाते. खुर्चीच्या पाठीला कायम शाल ठेवणारी सहकारी नाजूक नसते. आकडाच तिच्यासाठी चुकीचा असतो.

कपड्यांचाही यात मोठा हात आहे. जपानमध्ये 2005 साली पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांच्या काळात ‘कूल बिझ’ मोहीम सुरू झाली. उन्हाळ्यात ऑफिसचा एसी 28 वर, आणि टाय-कोटाला सुट्टी. शिस्तीबद्दल ख्याती असलेल्या त्या देशाने हे केलं. आपण मात्र मे महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलात ब्लेझर घालायला लावतो आणि मग ब्लेझर सोसावा म्हणून मजला थंड करतो.

मुंबई-कोकणात उकाड्यापेक्षा घाम न वाळणं जास्त छळतं. वाऱ्याची झुळूक लागली की दोन-तीन अंश जास्त असूनही बरं वाटतं. ‘एसी चालू असताना पंखा लावला तर बिल वाढतं’ हेही म्हणूनच चूक. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा त्याच्या निम्म्याहूनही कमी. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात दीड किलोवॅटच्या घरात जातो. एसी 26 वर आणि डोक्यावर पंखा, हे बहुतेक ऑफिसांत चालून जाईल. काचांवरचे पडदे सकाळीच ओढले आणि फिल्टर वेळच्या वेळी धुतले तर आणखी सोपं.

‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ ही समजूत विजेपेक्षाही महाग पडते. एसीतला गॅस संपत नसतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आर-410ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 2,000 पटींहून जास्त उष्णता धरतो, तुलनेने सौम्य आर-32 सुद्धा 675 पट. एक किलो आर-410ए हवेत गेला की दोन टनांचं नुकसान झालं. गळती शोधून बंद न करता नुसता गॅस भरून जाणाऱ्याला बिल चुकतं करू नका.

आता बाकीच्या समजुती, भराभर.

स्क्रीनसेव्हर वीज वाचवतो: नाही, पडदा चालूच असतो. संगणक स्लीपवर टाका.

एलईडी दिवे सारखे चालू-बंद केले तर जास्त वीज खातात: नाही. खोलीबाहेर पडताना बंद करा.

कुंड्या ठेवल्या की ऑफिसची हवा शुद्ध होते: हे 1989 च्या नासाच्या प्रयोगावरून पसरलं, आणि तो प्रयोग हवाबंद पेट्यांतला होता. खऱ्या इमारतीत बाहेरच्या हवेच्या ये-जा करण्याने होतो तेवढा परिणाम कुंड्यांनी हवा तर दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील, असं 2019 च्या एका आढाव्यात निघालं. कुंड्या डोळ्यांना बऱ्या वाटतात म्हणून ठेवा, पण खिडकी उघडा.

कागदी कप प्लॅस्टिकपेक्षा चांगला: बहुतेक कपांना आतून प्लॅस्टिकचाच पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात 100 मिली गरम द्रवात 15 मिनिटांत सुमारे 25,000 सूक्ष्म प्लॅस्टिककण आढळले. स्टीलचा पेला किंवा स्वतःचा मग आणा.

नवे, कमी वीज खाणारे लॅपटॉप घेतले की पर्यावरणाचं भलं होतं: लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला मोठा भाग तो कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच झालेला असतो. बॅटरी आणि रॅम बदलून जुना जितका चालेल तितका चालवा. अगदीच टाकायचा झाला तर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ऑफिसांनी तो नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती केंद्र किंवा पुनर्चक्रीकरण केंद्र यांच्याकडेच द्यायला हवा. त्याची पावती फायलीला लावून ठेवा.