पिशवीवरचे टक्के आणि लोहाचा स्पिन

झिंक सल्फेट 21, हिराकस 19, मँगनीज सल्फेट 30.5, मोरचूद 24. शिरूर-दौंड पट्ट्यात कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पिशव्यांवर हे टक्के असतात. 1985च्या खत नियंत्रण आदेशाने ठरवलेले धातूचे हे किमान प्रमाण. त्यावरून धातू किती हे कळते, तो कोणत्या रूपात आहे हे कळत नाही. भीमेच्या दोन्ही काठांच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उसावर केवडा पडतो, पाने पिवळी-पांढरी होतात, तेव्हा खरा प्रश्न रूपाचाच असतो. जमिनीत लोह भरपूर असते, पण ते पिकाला मिळत नाही.

रूप सांगणारे आकडे वेगळे आहेत. या चार क्षारांतल्या धातूंचे अयुग्मित इलेक्ट्रॉन मोजले, तर जस्ताचे 0, तांब्याचा 1, हिराकसमधल्या लोहाचे 4 आणि मँगनीजचे 5. एका इलेक्ट्रॉनचा स्पिन 1/2, म्हणून एकूण स्पिन अनुक्रमे 0, 1/2, 2 आणि 5/2. स्पिनची दुप्पट करून एक मिळवला की ऊर्जापातळ्यांची संख्या येते: 1, 2, 5 आणि 6.

बाहेरचे चुंबक नसताना या पातळ्या एकाच उंचीवर असाव्यात, असे वाटेल. तसे होत नाही. धातूभोवतीचे पाण्याचे रेणू किंवा इतर अणू सगळ्या बाजूंनी सारखे नसतात आणि तेवढ्यानेच पातळ्या फुटतात. यालाच शून्य-क्षेत्र विभाजन म्हणतात. ते स्पिन 1 किंवा त्याहून जास्त असेल तरच होते, त्यामुळे तांब्याला ते नाही. विभाजनाचे माप म्हणजे ‘डी’. एका अक्षाभोवतीची सममितीही ढळली, तर त्याचे माप ‘ई’. डी, ई आणि चुंबकाला मिळणारा प्रतिसाद दाखवणारा ‘जी’ हे ज्या समीकरणात बसतात, ते स्पिन हॅमिल्टोनियन. 1951 मध्ये अब्रागम आणि प्राइस यांनी ते पद्धतशीर मांडले. शेकडो पदांचे गणित चार-पाच आकड्यांवर आणणारी ही मांडणी मला विसाव्या शतकातल्या सर्वांत उपयोगी कामांपैकी एक वाटते.

आता हिशेब पाहा. अयुग्मित इलेक्ट्रॉन टिपणारे ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स) यंत्र साधारण 9.5 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी वापरते. पाण्याच्या सहा रेणूंनी वेढलेल्या मँगनीजचा डी एका गिगाहर्ट्झच्याही आत असतो, म्हणून यंत्राला मँगनीज सहज दिसते. द्रावणात त्याच्या ठरावीक सहा रेषा येतात, कारण अणुकेंद्राचाही स्पिन 5/2 आहे. 1944 मध्ये झावोइस्कीने कझानमध्ये ईपीआर शोधले, तेही तांबे आणि मँगनीज यांच्याच क्षारांवर. हिराकसमधल्या, म्हणजे फेरस लोहाचे काय? शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोहर क्षारात त्याचा डी सुमारे 450 गिगाहर्ट्झ भरतो, म्हणजे यंत्राच्या लहरीच्या 47 पट. त्यातून स्पिन पूर्णांक, म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या सम. इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल तर पातळ्या चुंबकाशिवाय जोडीनेच राहतात, हा क्रॅमर्सचा 1930चा सिद्धांत इथे मदतीला येत नाही. 19 टक्के लोहाची पिशवी साध्या यंत्रापुढे ठेवली, तर तिच्यातले फेरस लोह गप्पच राहते.

पिशवी उघडी राहिली की हिरवट खड्यांवर पिवळसर-तपकिरी थर चढतो. एक इलेक्ट्रॉन गेला, फेरसचे फेरिक झाले, स्पिन 2चा 5/2 झाला. लोहाचा अणू एकही कमी झालेला नाही, पण पिकाच्या दृष्टीने मोठा फरक पडला: सामू एकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. सामू 6वरून 8वर गेला, तर दहा लाख पटीने.

म्हणून चिलेटेड लोह आले. 12 टक्क्यांच्या फेरिक ईडीटीएमध्ये ईडीटीएचा रेणू लोहाला वेढून बसतो, पण वेढा सगळीकडे सारखा नसतो. इथे ई हा डीच्या जवळजवळ एक तृतीयांश असतो, म्हणजे असममितीची कमाल. त्या स्थितीत स्पिन हॅमिल्टोनियन सोडवले, तर पातळ्यांच्या मधल्या जोडीचा जी प्रत्येक दिशेने 30/7, म्हणजे 4.29 येतो. प्रयोगात 4.3 मिळतो. एरवी जी 2 असलेला संकेत 3,390 गौसजवळ येतो, तर हा सुमारे 1,580 गौसवर. कागदावरचे गणित आणि यंत्रातली रेष इतकी जुळते, तेव्हा या शास्त्रावरचा विश्वास दुणावतो. एक पथ्य मात्र पाळावे लागते: मातीतल्या काही चिकणमाती खनिजांतले लोहही 4.3 दाखवते. मातीच्या नमुन्यात ही रेष दिसली म्हणून ईडीटीए शाबूत आहे, असे म्हणता येत नाही.

तो शाबूत नसण्याचीच शक्यता जास्त. सामू साधारण 6.5च्या वर गेला की चुनखडीतले कॅल्शियम ईडीटीएमधल्या लोहाची जागा घेऊ लागते. उसावर केवडा दिसला तर आधी मातीचा सामू तपासून घ्या. तो 8च्या आसपास असेल तर फेरिक ईडीटीए जमिनीत घालण्यात पैसे घालवू नका. हिराकस ताजे, हिरवे बघून घ्या आणि 100 लिटर पाण्याला 500 ग्रॅम या प्रमाणात, लगेच, पानांवर फवारा.