सायकल देताना ब्रेकही द्या : डिस्क ब्रेक घरच्या घरी कसा जुळवावा



पाड्यांवरच्या मुलामुलींना शाळेत जाता यावे म्हणून आपल्यापैकी अनेकांनी सायकली दिल्या आहेत. काहींनी नव्या घेऊन दिल्या, काहींनी आपल्या मुलांच्या वापरलेल्या दिल्या. त्याबद्दल आम्ही प्रभूचे आभार मानतो आणि आपलेही. या अंकात त्याच सायकलींविषयी एक लहानशी, पण जिवाशी गाठ असलेली गोष्ट सांगायची आहे.

पावसाळ्यानंतर सायकली तपासताना आठवीतल्या एका मुलीच्या एकाच चपलेची टाच पार झिजलेली दिसली. विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, "उतारावर ब्रेक लागत नाही, मग पायाने थांबवते." सायकल दिसायला छान होती. टायर चांगले, साखळीला तेल, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. पण ब्रेकचा लिव्हर दाबला की थेट हँडलच्या मुठीला टेकत होता. ब्रेक मोडलेला नव्हता. पॅड झिजत गेले आणि कोणी तो पुन्हा जुळवलाच नव्हता. एक ॲलन-की आणि अर्धा तास एवढ्यावर काम झाले.

सातपुड्यातल्या पाड्यावरून शाळेकडे येणारा रस्ता सकाळी बहुतेक उताराचाच असतो. वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागते. अशा रस्त्यावर ब्रेक नसलेली सायकल देणे म्हणजे मुलाच्या हाती धोका देणे. म्हणून सायकल पाठवण्यापूर्वी आपण घरीच तिचा ब्रेक कसा तपासावा आणि जुळवावा, ते येथे देत आहोत.

हा ब्रेक चालतो कसा

जुन्या ब्रेकमध्ये रबरी गुटके चाकाच्या रिमवर दाबले जातात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मधोमध पोलादी चकती असते. तिच्यावर बसवलेल्या कॅलिपरमध्ये दोन पॅड असतात आणि ते चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतात. चकती रिमपेक्षा चिखलापासून दूर राहते, म्हणून पावसात हा ब्रेक अधिक भरवशाचा असतो.

आपल्याकडच्या साधारण किमतीच्या सायकलींत हा ब्रेक वायरने चालतो आणि बहुतेकांत दोनपैकी एकच पॅड हलतो. बाहेरच्या बाजूचा पॅड वायरने ओढला जाऊन चकतीवर येतो, चकतीला किंचित वाकवतो आणि आऱ्यांकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. त्यामुळे स्थिर पॅड चकतीच्या अगदी जवळ, पण तिला न घासता उभा असला पाहिजे. तो लांब राहिला तर अर्धा जोर चकती वाकवण्यातच जातो.

नेहमी होणारी चूक

पॅड झिजले की ब्रेक सैल लागतो. मग आपण काय करतो? लिव्हरजवळचा वायरचा स्क्रू फिरवून वायर ताणतो. चार दिवस बरे वाटते. पण वायर ताणल्याने कॅलिपरवरची दांडी आधीच अर्धी फिरलेली राहते. ऐन वेळी तिला पुढे फिरायला जागा उरत नाही आणि लिव्हर दाबूनही जोर मिळत नाही. हे लक्षात ठेवावे : पॅड झिजले तर पॅड जवळ आणायचे, वायर ताणायची नाही. वायरचा स्क्रू फक्त शेवटच्या बारीक फरकासाठी आहे.

काय लागेल

बहुतेक सायकलींना ५ मि.मी.ची ॲलन-की पुरते. शिवाय स्वच्छ फडके, टॉर्च, पांढरा कागद आणि औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. ते नसेल तर भांड्यांचा साबण आणि भरपूर पाणी चालते.

जुळवण्याची रीत

१. आधी चाक नीट बसवा. सायकल जमिनीवर सरळ उभी करून चाकाचे नट किंवा क्विक रिलीज सैल करा, चाक खाचेत पूर्ण बसू द्या आणि पुन्हा घट्ट करा. चाकच तिरके असेल तर पुढची मेहनत वाया जाते.

२. पॅड पाहा. टॉर्च लावून कॅलिपरच्या फटीतून बघा. धातूच्या पट्टीवर घर्षणाचा थर असतो. तो अर्ध्या मि.मी.पेक्षा कमी उरला असेल तर पॅड बदला. चकतीचे सगळे स्क्रू घट्ट आहेत ना, तेही तपासा. चकतीवर बहुधा तिची किमान जाडी कोरलेली असते. अनेक चकत्यांसाठी ती १.५ मि.मी. आहे. त्याहून पातळ झालेली चकती बदलावी.

३. चकती पुसा. फडक्यावर अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजू स्वच्छ करा. नंतर चकतीला बोट लावू नका, हाताचा तेलकटपणाही तिला चालत नाही.

४. वायर मोकळी करा. लिव्हरजवळचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत फिरवा. कॅलिपरवरची दांडी पूर्ण मागे जाते का पाहा. जात नसेल तर वायर धरणारा बोल्ट सैल करा, दांडी मागे जाऊ द्या, वायरचा फक्त ढिलेपणा काढा आणि बोल्ट पुन्हा आवळा.

५. कॅलिपर मधोमध आणा. कॅलिपरला फोर्कशी किंवा फ्रेमशी धरणारे दोन बोल्ट एकेक फेरा सैल करा, म्हणजे तो डावीकडे-उजवीकडे सरकू लागेल. आऱ्यांकडच्या बाजूला स्थिर पॅडची गोल कळ किंवा ॲलन-कीचे भोक असते. पॅड पूर्ण मागे घेऊन मग अर्धा ते एक फेरा चकतीकडे आणा. आता लिव्हर जोराने दाबून धरा. हाताशी कोणी नसेल तर लिव्हरला रबर गुंडाळा. लिव्हर दाबलेला असतानाच ते दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत घट्ट करा. एक बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर तिरका होतो.

६. घासणे काढा. लिव्हर सोडा. स्थिर पॅड अजून चकतीला टेकलेला असेल. त्याची कळ थोडी थोडी मागे फिरवा आणि चाक मोकळे होताच थांबा. मागे पांढरा कागद धरला की चकतीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे.

७. चाक फिरवून ऐका. आवाज सतत येत असेल तर पॅड टेकतो आहे, सहावी पायरी पुन्हा करा. एका फेऱ्यात एकदाच "शिक" असा आवाज येत असेल तर चकती त्या जागी वाकलेली आहे. चाक थांबवून, स्वच्छ फडक्यात धरून तिला अगदी हलका दाब द्या आणि पुन्हा बघा. फिरत्या चकतीजवळ बोट कधीही नेऊ नका, बोट कापले जाते. लहान मुले जवळ असतील तर विशेष जपावे.

८. लिव्हर तपासा. लिव्हर अर्ध्या वाटेपर्यंत येण्याआधी ब्रेक लागला पाहिजे आणि पूर्ण दाबला तरी मुठीला टेकता कामा नये. थोडाच फरक उरला असेल तर आता वायरचा स्क्रू वापरा.

९. चालवून पाहा. आधी पायी ढकलत, मग सपाट रस्त्यावर हळू. पॅड नवे असतील तर बरा वेग घेऊन, चाक न अडकवता, जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लावा. असे पंधरा-वीस वेळा केल्यावर पॅड चकतीवर बसतात आणि खरी पकड येते. सायकल चालवून थांबल्यावर लगेच चकतीला हात लावू नये, ती तापलेली असते.

काय करू नये

ब्रेक किंचाळतो म्हणून त्यावर तेल सोडू नका. हे प्रेमाने केलेले नुकसान आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. तेल प्यालेला पॅड बहुधा बदलावाच लागतो. साखळीला तेल देतानाही चकतीवर फडके टाकावे. वायरचे धागे तुटले असतील किंवा चकतीला चीर असेल तर सायकल मेकॅनिककडे न्यावी. वायरऐवजी तेलाची नळी असलेला ब्रेक असेल तर त्याचे पॅड झिजतील तसे आपोआप पुढे येतात. तेथे पॅडसाठी वेगळी कळ बहुधा नसते, पण लिव्हर मऊ लागत असेल तर तो जाणकाराकडेच द्यावा. चाक काढलेले असताना अशा ब्रेकचा लिव्हर दाबू नये.

आपणांस विनंती

अनुवाद २२:८ मध्ये नवे घर बांधणाऱ्यास छताला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडले तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये, म्हणून. घर बांधून झाले एवढ्यावर देव थांबत नाही. त्या छतावर पुढे कोण वावरेल, याचीही काळजी घरमालकाने घ्यावी असे तो सांगतो. आपण दिलेल्या सायकलीवर कोण बसणार आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तिचा ब्रेक हा आपला कठडा आहे.

म्हणून सायकल पाठवण्यापूर्वी तिचा ब्रेक वरील रीतीने जुळवावा. शक्य असल्यास सायकलीबरोबर तिच्याच मापाचा पॅडचा एक जोड आणि एक ॲलन-की द्यावी. हे पॅड खेड्यापाड्यांतल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत आणि प्रत्येक कॅलिपरचा आकार वेगळा असतो. आपल्या मंडळीतील तरुणांनी रविवारच्या उपासनेनंतर एक तास काढून चार सायकली जरी जुळवल्या, तरी चार घरांची चिंता कमी होईल. एखादा तरुण आमच्याकडे येऊन मुलांनाच हे काम शिकवील तर आणखी चांगले. पॅड दर पावसाळ्यात झिजणार, तेव्हा ते काम पाड्यावरच कोणाला तरी यायला हवे.

त्या मुलीने आता नवी चपल घेतली आहे. तिच्यासाठी आणि रोज हे उतार उतरणाऱ्या सर्व मुलांसाठी प्रार्थना करीत राहावे, ही विनंती.